घसरायचं की नाही

लष्करी बँड संचलनाला निघाला की सहसा पहिल्या रांगेत ट्रॉम्बोनवाले असतात. बघणाऱ्याला वाटतं, मानाची जागा असेल. कारण अगदी व्यवहारी आहे. ट्रॉम्बोनची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, वाजवताना चांगली हातभर पुढे जाते आणि पुढे कोणी चालत असला तर ती थेट त्याच्या पाठीत बसते. न्यू ऑर्लिन्सला शंभरेक वर्षांपूर्वी बँडवाले गाडीत बसून नाचाच्या कार्यक्रमांची जाहिरात करत गल्लोगल्ली हिंडायचे. तिथे ट्रॉम्बोनवाला गाडीच्या मागच्या टोकाला, फळी खाली पाडून, स्लाइड रस्त्याच्या बाजूला काढून बसे. त्या फळीवरून त्याच्या वाजवण्याच्या ढंगालाच ‘टेलगेट’ हे नाव पडलं. कुठे सगळ्यांच्या पुढे, कुठे सगळ्यांच्या मागे. बसायची जागा एका सरकत्या नळीनं ठरवावी असं हे एकच वाद्य.

गेल्या दोनशे वर्षांत बाकीच्या फुंकायच्या वाद्यांची अंगं बदलली. बासरीला, क्लॅरिनेटला चाव्या आल्या, ट्रम्पेटला आणि हॉर्नला व्हॉल्व आले. ट्रॉम्बोन मात्र पंधराव्या शतकात घडला तसाच राहिला: एकात एक बसणाऱ्या नळ्या, मागेपुढे सरकवायच्या. न्यूरेम्बर्ग हे तेव्हा पितळी वाद्यं करणाऱ्या कारागिरांचं शहर. तिथल्या एरास्मुस श्निट्झरनं १५५१ साली केलेला ट्रॉम्बोन अजून शाबूत आहे. आजच्या वादकाच्या हातात दिला तर तो बेल (पुढचं कर्ण्यासारखं तोंड) फार अरुंद आहे म्हणून जरा नाक मुरडेल, पण थोड्या वेळात वाजवायला लागेल. १८३९ मध्ये लाइपझिगच्या ख्रिस्टियान फ्रीडरिश झाटलरनं मागच्या बाजूला एक जादा नळी आणि ती उघडणारी कळ बसवली, त्यामुळे खालचे काही स्वर सोपे झाले. मोठी म्हणावी अशी सुधारणा तेवढीच. वाद्य जागचं हललं नाही. लोकांना त्याच्याकडून काय हवं, ते मात्र पार उलटं झालं.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर मी वाचून विसरून गेले असते. पण आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक अंकल राहतात. मूळचे गोव्यातल्या बार्देशचे. तरुणपणी मुंबईला आले, धोबीतलावच्या बाजूला गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या वसतिगृहात, राहिले आणि मिळेल तिथे ट्रॉम्बोन वाजवला: हॉटेलात, लग्नात, मयताला, फिल्मच्या रेकॉर्डिंगला. आता वसईत असतात आणि रविवारी चर्चमधली मास आटपून आले की पेटी उघडून वाद्य काढतात. मी वाजवते ती दुसरी पेटी, हार्मोनियम. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, ही पेटीवालीची दुखरी जागा. आमच्या वाद्यात दोन स्वरांच्या मध्ये काही नसतंच. याच कारणावरून १९४० साली आकाशवाणीनं हार्मोनियमला दार बंद केलं आणि ते १९७१ पर्यंत किलकिलंसुद्धा झालं नाही. घसरता येत नाही म्हणून एका वाद्याला बाहेर ठेवलं. म्हणून अंकलचा ट्रॉम्बोन पहिल्यांदा जवळून बघितला तेव्हा मला हेवाच वाटला होता. अख्खं वाद्यच मींड घेण्यासाठी घडवलंय की!

अंकलनी तो गैरसमज सावकाश उतरवला.

आधी त्यांनी स्लाइड कशी धरायची ते दाखवलं. वाद्याचा सगळा भार डाव्या हातावर. उजव्या हाताचा अंगठा आणि पुढची दोन बोटं यांच्यात स्लाइडची आडवी काडी, आणि तीही पकडायची नाही, नुसती अडकवल्यासारखी ठेवायची, कारण मूठ आवळली की मनगट मरतं. आतल्या नळ्यांना क्रीमचं बोट फिरवायचं आणि वरून पाण्याचा बारीक फवारा मारायचा. मग लॉक उघडून वाद्य खाली झुकवलं की बाहेरची नळी आपल्याच वजनानं सळकन खाली आली पाहिजे. मध्येच अडखळली तर कुठेतरी पोचा आहे. मोहरीएवढा पोचाही चालत नाही. नळीवर खूण नाही, पडदा नाही, काही नाही. सात जागा असतात. तिसरी बेलच्या काठाच्या जरा अलीकडे, चौथी जरा पलीकडे, एवढाच डोळ्यांना आधार. बाकी सगळं कानानं आणि खांद्यानं. पुढे जावं तसं दोन जागांमधलं अंतरही वाढत जातं. सातव्या जागेला मोठ्या माणसाचा हातसुद्धा पूर्ण ताणला जातो. अंकलच्या नातवाचा पाचवीपर्यंत पोचतो, पुढे तो खांदा तिरका करून फसवतो.

मी माझी पेटी खाली नेली आणि आम्ही स्वर लावून बघितले. स्लाइड बंद असताना ट्रॉम्बोनचा सा म्हणजे काळी पाच. हात न हलवता ओठ थोडे आवळले की पंचम निघतो, आणखी आवळले की वरचा सा, मग गांधार, मग पुन्हा पंचम. तो गांधार माझ्या पेटीच्या गांधारापेक्षा किंचित उतरलेला होता, जुळलेल्या तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो. आता मधल्या सा वर थांबून एकेक जागा पुढे सरकायचं: दुसऱ्या जागेवर नी, तिसऱ्यावर कोमल नी, मग ध, कोमल ध, सहाव्यावर प आणि सातव्यावर तीव्र मध्यम. मी म्हटलं, अंकल, आता तसंच शुद्ध मध्यमावर या.

“पाइप संपला, बाय.”

हे ऐकून मला जरा बरंच वाटलं. म्हणजे एका फुंकेत, एका ओढीत, ट्रॉम्बोन माझ्या पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून सहा पट्ट्या म्हणा, एवढंच घसरू शकतो. वर जातानाही तेच. खालच्या सा पासून पंचमापर्यंतची अखंड मींड या वाद्यात कुठल्याच जागी बसत नाही. त्यापुढे जायचं तर ओठांनी दुसऱ्या घरात उडी मारावी लागते, आणि कित्येकदा सूर वर चढत असताना हात मात्र पुढे जातो. बघणारा चक्रावतो. कोणी कौतुकानं म्हणालं की ट्रॉम्बोनवर आपला राग काय सुंदर वाजेल, तर त्याला हा शिवणीचा सांधा दाखवावा. सरोदिया जी घसीट सहज घेतो, ती इथे मध्येच तुटते.

मग अंकलनी एक जुनं संथ स्तोत्र वाजवलं. हात सारखा मागेपुढे होत होता आणि कानाला घसरण एकदाही ऐकू आली नाही. प्रत्येक स्वर आपल्या जागी सुरू होत होता, शेजारच्याला नुसता टेकत होता. हे जिभेचं काम. हात सरकतो त्या क्षणभरात जीभ एक मऊ ‘दा’ म्हणते आणि मधली घसर कापून टाकते. ‘ता’ म्हटलं तर तुटक होतं, काहीच नाही म्हटलं तर सूर लोळतो. अंकल म्हणाले, लोकांना हात दिसतो म्हणून वाटतं सूर घसरत असणार. घसरायला काय, पोर पण घसरतं. न घसरता वाजवायला त्यांच्या मेस्त्रीनं, म्हणजे संगीत शिकवणाऱ्या मास्तरनं, त्यांना छड्या मारल्या होत्या.

निदान तीनशे वर्षं ट्रॉम्बोनवादकाची खरी विद्या हीच होती, आपल्या वाद्याचा जन्मजात गुण लपवायची. कारण वाद्य देवळात होतं. त्या काळच्या ट्रम्पेटला आणि हॉर्नला ठरावीक तुटकेच स्वर येत, ट्रॉम्बोनला सगळे येत, आणि नळी हवी तेवढी सरकवता येत असल्यामुळे गायकाच्या सुराला सूर तंतोतंत लावता येई. म्हणून चर्चच्या गायनवृंदाला साथ द्यायला तो बसला. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये जोवान्नी गाब्रिएलीनं १५९७ साली छापलेल्या एका रचनेत दोन गट समोरासमोर केले आहेत आणि आठातले सहा वादक ट्रॉम्बोनचे आहेत. पुढे ऑपेरात मॉन्तेवेर्दीनं १६०७ मध्ये पाताळाच्या प्रवेशाला ट्रॉम्बोन लावले. मोत्सार्टनं १७८७ मध्ये मेलेल्या सरदाराचा पुतळा बोलायला लागतो तिथे लावले. एव्हाना ठरूनच गेलं होतं: देव, भूत, यमदूत, पुतळा, यातलं काही आलं की ट्रॉम्बोनवाल्याकडे बोट दाखवायचं. असल्या मंडळींचा आवाज लाडेलाडे घसरून कसा चालेल?

मयताशी तर नातं फारच जवळचं. बेथोवन १८१२ च्या शरदात लिंट्स गावी भावाकडे राहत होता, तेव्हा तिथल्या कथीड्रलच्या संगीतप्रमुखानं त्याच्याकडून सर्व आत्म्यांच्या दिवसासाठी चार ट्रॉम्बोनच्या तीन छोट्या रचना लिहून घेतल्या. पंधरा वर्षांनी, २९ मार्च १८२७ ला, त्यातल्याच दोन त्याच्या स्वतःच्या अंत्ययात्रेत वाजल्या. आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावात मोरावियन पंथाच्या लोकांनी १७५४ पासून ट्रॉम्बोनचा वृंद ठेवला. गावात कोणी वारलं की हे लोक घंटाघरावर चढून तीन स्तोत्रं वाजवत. मधल्या स्तोत्राच्या चालीवरून कळे की गेलं कोण: लग्न झालेला पुरुष, विधवा, कुमारिका की लहान मूल. शेतात काम करणारा माणूस कुदळ थांबवून ऐके आणि त्याला नाव सोडून बाकी सगळं समजे. ईस्टरला पहाटेच्या अंधारात हाच वृंद गावभर फिरून लोकांना उठवी.

हे मी अंकलना सांगितलं तेव्हा त्यांना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. गोव्यात फेस्ताच्या दिवशी पहाटे बँड गावातून वाजवत जातो, त्याला आल्वोराद म्हणतात. मयताच्या पुढेही बँड असतोच. मुंबईच्या गावठाणांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांच्या लग्नात आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला विहिरीवर जातात, तिथेही ब्रास बँड. अंकलनी एकाच दिवशी सकाळी मयत आणि संध्याकाळी लग्न अशी कामं कितीदा केली आहेत. “कोट तोच. टाय बदलायचा.”

ऑर्केस्ट्रात मात्र ट्रॉम्बोनला उशिराच बोलावणं आलं, आणि आलं तेही बसून राहण्यासाठी. बेथोवनच्या पाचव्या सिंफनीत (व्हिएन्ना, २२ डिसेंबर १८०८) तिन्ही ट्रॉम्बोनवाले पहिले तीन भाग हाताची घडी घालून बसतात आणि चौथ्याला उठतात. ब्राह्म्सनं आपल्या पहिल्या सिंफनीत, १८७६ मध्ये, नेमकं तेच केलं. फरक एवढाच की शेवटच्या भागात तो त्यांना अगदी हळू, स्तोत्रासारखा एक छोटा तुकडा देतो. अर्धा तास गप्प बसून, थंड पडलेल्या ओठांनी, थंड पितळातून, हळू आणि सुरात. मोठ्यानं वाजवायला सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं.

मग ही घसर बाहेर कधी आली? खेदाची गोष्ट अशी की ती पहिल्यांदा विनोद म्हणून आली. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्कशीत, नाटकमंडळ्यांत, बागेतल्या बँडमध्ये ट्रॉम्बोननं लोळत, हेल काढत वाजवणं लोकांना हसवायला वापरत. हेन्री फिलमोर नावाच्या बँडमास्तरनं १९०८ पासून वीसेक वर्षांत असे पंधरा तुकडे लिहिले आणि त्यांच्या छापील जाहिरातींत काळ्या लोकांची उघड टिंगल होती. सूर घसरतो म्हणजे माणूस आळशी, अडाणी, काळा, असा सरळ हिशेब. हे तुकडे पुढे कित्येक वर्षं शाळेशाळेतून वाजत राहिले. अलीकडे बऱ्याच बँडांनी ते बंद केले, आणि ‘चाल तर छान आहे’ म्हणून कुरकुरणारेही तिथे आहेत. चाल छान आहेच. त्यानं काय होतं?

त्याच काळात लुइझियानातल्या लाप्लास गावचा, उसाच्या मळ्यात १८८६ साली जन्मलेला किड ओरी गाडीच्या फळीवर बसून तीच घसर वेगळ्या कामाला लावत होता. कॉर्नेट वरून धून वाजवतोय, क्लॅरिनेट तिच्याभोवती फिरतंय, आणि खालून ट्रॉम्बोन एका सुरावरून दुसऱ्या सुराकडे बँडला ओढून नेतोय. नीट ऐकलं की कळतं, पुढची जागा कुठली येणार हे ओरी आधी घसरून सांगतो आणि बाकीचे तिथे पोचतात. ही घसर म्हणजे रस्ता दाखवणं होतं. पुढे ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधल्या ‘ट्रिकी सॅम’ नॅन्टननं संडास-मोरी तुंबल्यावर वापरतात त्या दांड्याचा रबरी कप काढून बेलसमोर धरला आणि ट्रॉम्बोन माणसासारखा रडवला, बडबडवला. असा कप अंकलकडेही आहे. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला, त्यामुळे आंटी तो स्वयंपाकघरात ठेवू देत नाहीत.

घसर बदनाम कितपत असावी? रशियात संगीतकार शोस्ताकोविचच्या एका ऑपेरात, जो १९३४ साली लेनिनग्राडला रंगमंचावर आला, शय्येचा एक प्रसंग आहे आणि तिथे काय चाललंय हे तो ट्रॉम्बोनच्या घसरण्यातून इतकं स्पष्ट सांगतो की पडद्याची गरजच उरत नाही. २६ जानेवारी १९३६ ला मॉस्कोत स्टालिन तो बघायला आला. दोन दिवसांनी ‘प्रावदा’ या सरकारी पक्षाच्या वर्तमानपत्रात त्याला झोडपणारा बिननावाचा लेख आला आणि शोस्ताकोविच पुढे कित्येक दिवस कधीही उचलून नेतील या भीतीत जगला. दोष काही एकट्या ट्रॉम्बोनचा नव्हता. पण यमदूतांच्या साथीला बसलेल्या वाद्यानं सव्वातीनशे वर्षांत कुठून कुठे मजल मारली होती!

माझे आवडते वादक ते, ज्यांनी हा प्रश्न स्वतःपुरता सोडवला. टॉमी डॉर्सीनं घसर इतकी पातळ केली की ती आहे की नाही कळत नाही, आणि श्वास कुठे घेतला तेही कळत नाही. १९४० पासून अडीचेक वर्षं त्याच्या बँडमध्ये एक हडकुळा तरुण गायक होता, तो मागून डॉर्सीच्या पाठीकडे बघत बसे, कोट कधी हलतो ते पकडायला. फ्रँक सिनात्रा ओळीच्या मध्ये न तोडता गायला शिकला तो असा, ट्रॉम्बोनवाल्याची पाठ बघून. टेक्सासच्या जॅक टीगार्डनचे हात लहानपणी लांबच्या जागांपर्यंत पुरत नसत, म्हणून तो जवळच्या जागांवरच ओठांनी बहुतेक स्वर काढायला शिकला, असं सांगतात. मोठेपणी हात पुरले तरी त्यानं सवय सोडली नाही. अंकलच्या नातवाला मी ही गोष्ट सांगितली, ती अंकलना मुळीच आवडली नाही.

आणि जे. जे. जॉन्सन. इंडियानापोलिसचा, १९२४ चा जन्म. सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करच्या पिढीनं जॅझ इतकं वेगात नेलं की सरकत्या नळीचं वाद्य तिथे टिकणार नाही असंच सगळे धरून चालले होते. जॉन्सननं एकेक स्वर असा टिपून, टोकदार वाजवला की ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांना वाटे हा व्हॉल्वचा ट्रॉम्बोन आहे. म्हणजे जॅझमध्ये येऊन पुन्हा घसर लपवणं आलंच! फक्त हे लपवणं देवळाच्या शिस्तीपायी आलं नव्हतं, त्याला शेजारी बसलेल्या सॅक्सोफोनला गाठायचं होतं. इतकं करून १९५२ च्या सुमाराला कामं मिळेनात म्हणून हा माणूस स्पेरी कंपनीत यंत्रांचे नकाशे तपासायची नोकरी करत होता. मग काई विंडिंग नावाच्या वादकाबरोबर दोन ट्रॉम्बोनची जोडी जमली आणि तो परत आला.

मुंबईत हे सगळं दोन बोटींनी आलं. एक गोव्याची: पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवत, आणि ते शिक्षण घेऊन पोरं पोटासाठी मुंबईला येत. दुसरी अमेरिकेच्या रेकॉर्डांची. हिंदी सिनेमात या दोन्हींना उघडपणे घरात घेणारा माणूस आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा, सी. रामचंद्र. १९५१ च्या ‘अलबेला’त त्याच्या संगीतात जो ब्रासचा झगमगाट आहे त्यामागे चिक चॉकलेट होता, म्हणजे हळदोण्याचा आंतोनिओ झेवियर वाझ, ट्रम्पेटवाला. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा अरेंजर. संगीतकार पेटीवर चाल सांगणार, अरेंजर ती चाळीस-पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवणार, आणि श्रेयनामावलीत बहुतेकांची नावंच नसणार. मराठी घरांत आपण ती गाणी अजून म्हणतो. ती कोणी वाजवली हे विचारायची पद्धत आपल्याकडे नव्हती, माझ्याकडेही नव्हती.

अंकलच्या वाट्याला यात दोनच प्रकार आले. क्लबच्या गाण्यात ब्रासच्या झुंडीत तीन-चार स्वरांचे फटके, आणि विनोदी प्रसंग. “केळ्याच्या सालीवरनं कोण घसरला की मला बोलावणार.” एवढ्या छड्या खाऊन मिळवलेली न घसरायची विद्या, आणि पैसे मिळाले ते घसरण्याचे. नव्वदच्या दशकात कीबोर्डात अख्खं ब्रास सेक्शन मावायला लागलं आणि तेही थांबलं. याबद्दल ते फार कडवट नाहीत. कीबोर्डातला ट्रॉम्बोन ऐकला की मात्र म्हणतात, हा श्वास घेत नाही.

देवाचा, यमाचा, सरदाराच्या पुतळ्याचा आवाज म्हटल्यावर तो पुरुषानंच काढायचा हेही त्यात गृहीत होतं. म्युनिक फिलहार्मोनिकनं १९८० मध्ये ट्रॉम्बोनच्या पहिल्या खुर्चीसाठी परीक्षा घेतली. उमेदवारांत ओळखीतला एक मुलगा होता, म्हणून त्यांनी सगळ्यांना पडद्याआड वाजवायला लावलं. तेहतीस जण होते. सोळाव्या उमेदवाराचं वाजवणं ऐकून संगीत दिग्दर्शक सेर्जिउ चेलिबिदाके यांनी हाच हवा म्हणून बाकीच्यांना घरी पाठवलं. पडद्यामागून ॲबी कोनंट बाहेर आली. बोलावणं तिला ‘श्रीयुत’ म्हणून गेलं होतं. वर्षभरानं तिला दुसऱ्या खुर्चीवर उतरवलं, कारण एकल वादनाला पुरुष हवा. ती कोर्टात गेली. फुप्फुसांत दम आहे हे सिद्ध करायला तिला दवाखान्यात जाऊन श्वासाच्या तपासण्या कराव्या लागल्या. खुर्ची १९८८ मध्ये परत मिळाली, बरोबरीच्या पगारासाठी १९९३ उजाडलं. त्याच्या कितीतरी आधी मेल्बा लिस्टन डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये ट्रॉम्बोनही वाजवत होती आणि त्याच बँडसाठी संगीतही लिहीत होती. जॅझवाले काही फार सभ्य होते अशातला भाग नाही. पण तिथे निदान फुप्फुसं मोजली नाहीत.

किंग्स्टनबद्दल थोडं सांगून टाकते, कारण ते गोव्याशी फार जुळतं. जमैकातल्या अल्फा शाळेत नन गरीब, वाया गेलेल्या म्हणून टाकलेल्या मुलांना बँड शिकवत. डॉन ड्रमंड तिथून निघाला आणि १९६४ मध्ये ‘स्काटलाइट्स’ या बँडमध्ये स्का या तिथल्या नाचाच्या संगीताचा आवाज झाला. मन फार आजारी होतं. १९६५ च्या पहिल्याच दिवशी त्याच्या हातून त्याच्या मैत्रिणीचा खून झाला आणि चार वर्षांनी तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. त्याच्या वाजवण्यात घसर जवळजवळ नाहीच. नुसता एक लांब, सरळ, काळोखा स्वर आणि खाली नाचाचा ठेका. नाचताना हे कोणाला कसं ऐकवलं, मला अजून कळत नाही. न्यूयॉर्कला त्याच सुमारास एडी पाल्मिएरीनं आपल्या बँडमधले ट्रम्पेट काढून ट्रॉम्बोन आणले आणि पुढच्या साल्साला तो खरखरीत, मोटारीच्या हॉर्नसारखा आवाज मिळाला. तो मला झेपत नाही. नातू दिवसभर तेच ऐकतो.

गेल्या रविवारी मी अंकलना फ्रेंच संगीतकार रावेलचं ‘बोलेरो’ ऐकवलं. रावेल १९२८ च्या सुरुवातीला अमेरिकेत फिरून आला होता, जॅझ भरपूर ऐकून. ‘बोलेरो’ त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातलं. एकच धून एकेक वाद्य वाजवत जातं आणि ट्रॉम्बोनचा नंबर बऱ्याच उशिरा, आठ-नऊ मिनिटांनी येतो. तोवर नुसतं बसायचं. आणि आल्यावर गरम व्हायला वेळ नाही, पहिलाच स्वर तारसप्तकात, आणि पुढे त्याहूनही वर जायचं. शिवाय रावेलनं मध्ये घसरायला लिहिलं आहे, कागदावर, सहीशिक्क्यासह म्हणा. देवळातलं ताटकळणं आणि गाडीच्या फळीवरची घसर दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर. ऑर्केस्ट्राच्या परीक्षेत हा तुकडा हमखास विचारतात.

अंकलना तो तुकडा माहीत होता, पण वाजवायला कधी मिळाला नव्हता. त्यांनी मोबाइल कानाजवळ धरला, ट्रॉम्बोन संपल्याबरोबर बंद करायला सांगितलं. पुढचं सगळ्यांना येतं, म्हणाले. मग दुसऱ्या ऑर्केस्ट्राचं लावलं. हा वादक अगदी स्वच्छ होता, एकेक स्वर घासून पुसून ठेवल्यासारखा, आणि घसरायच्या जागा त्यानं अंग चोरून, जेमतेम उरकल्या.

“हा लाजला,” अंकल म्हणाले, आणि मला तिसरं शोधायला लावलं.